कारण न सांगता नारळ: अमेरिकेतला ‘ॲट-विल’ नियम आणि त्याला पडलेली खिंडारं

अमेरिकेतल्या कंपनीचं ऑफर लेटर हातात पडलं की नजर आधी पगाराच्या आकड्यावर जाते, मग शेअर्सवर, मग आरोग्यविम्यावर. शेवटच्या पानाच्या आसपास एक वाक्य असतं, ते बहुतेक जण वाचून न वाचल्यासारखं करतात. ही नोकरी ‘ॲट-विल’ आहे, म्हणजे तुम्ही किंवा कंपनी, कोणीही, कधीही, कारण देऊन किंवा न देता, आधी कळवून किंवा न कळवता ती संपवू शकता. पुण्यातल्या तीन महिन्यांच्या नोटीस पिरियडला कंटाळलेल्या माणसाला हे वाक्य सुरुवातीला सुटसुटीतच वाटतं. पुढे कधी शुक्रवारी दुपारी एचआरबरोबर पंधरा मिनिटांची मीटिंग होते, ती संपेपर्यंत लॅपटॉप बंद पडलेला असतो, आणि त्या वाक्याचा पूर्ण अर्थ त्या दिवशी कळतो.

या नियमाबद्दल आपल्याकडे दोन समज पक्के आहेत. अमेरिकेत कामगाराला काही हक्कच नाहीत, हा एक. तिथे कोणीही ऊठसूट दावा ठोकतो आणि कोट्यवधी घेऊन घरी जातो, हा दुसरा. दोन्ही चुकीचे आहेत. तिथला कायदा थोडक्यात असा: कारण नसताना काढता येतं, पण कायद्याने मनाई केलेल्या कारणासाठी काढता येत नाही. मनाई असलेल्या कारणांची यादी गेल्या नव्वद वर्षांत खूप लांबली आहे. खरं कारण काय होतं हे सिद्ध करायची जबाबदारी मात्र बहुतेक वेळा नोकरी गेलेल्या माणसावरच राहिली, आणि माझ्या मते सगळी मेख तिथे आहे.

हा नियम आला कुठून, ते आधी पाहू. इंग्लंडमधून आलेली जुनी समजूत वेगळी होती. मुदत ठरलेली नसेल तर नोकरी एका वर्षासाठी आहे असं तिथली न्यायालयं धरून चालत. अठराव्या शतकात ब्लॅकस्टोन या कायदेपंडिताने त्यामागचा न्याय सांगितला होता: काम असो वा नसो, वर्षाचे सगळे ऋतू नोकराने चाकरी करावी आणि मालकाने त्याला पोसावं. आपल्याकडे पाडव्याला सालगडी ठरतो तो पुढच्या पाडव्यापर्यंत. सुगी संपली म्हणून मधेच त्याला हाकलत नाहीत. तसंच काहीसं ते होतं. अमेरिकेत रेल्वे आणि कारखाने वाढले, शेतीचं वर्ष मागे पडलं, आणि १८७७ मध्ये होरेस वुड या वकिलाने मालक-नोकर संबंधांवरच्या आपल्या ग्रंथात लिहून टाकलं की मुदत ठरलेली नसेल तर नोकरी दोन्ही पक्षांच्या मर्जीवर आहे असं मानावं, आणि तसं नसेल तर ते कामगाराने सिद्ध करावं. वुडने दिलेले दाखले त्याच्या नियमाला नीट आधार देत नाहीत, असा आक्षेप नंतरच्या अनेक अभ्यासकांनी घेतला. पण तोवर राज्याराज्यांच्या न्यायालयांनी तो नियम उचललेला होता. सिद्ध करायची जबाबदारी कामगारावर आली ती तेव्हापासून.

नियमाची धार किती होती हे १८८४च्या एका निकालावरून समजतं. टेनेसी राज्यातल्या चॅटानूगा शहरात पेन नावाचा दुकानदार होता. रेल्वे कंपनीच्या अधिकाऱ्याने हुकूम काढला: जो कर्मचारी पेनच्या दुकानातून खरेदी करील, त्याला कामावरून काढण्यात येईल. दुकान बसलं, पेन कोर्टात गेला आणि हरला. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की मालक आपल्या माणसांना चांगल्या कारणासाठी, कारणाशिवाय, अगदी नैतिकदृष्ट्या वाईट कारणासाठीही काढू शकतो आणि त्यात बेकायदेशीर काही नाही. कामगाराने किराणा कुठून भरावा हेसुद्धा मालक ठरवू शकतो, असा याचा सरळ अर्थ होता.

पुढे देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने या मर्जीला जवळजवळ घटनात्मक हक्काचा दर्जा दिला. युनियनचा सभासद आहे म्हणून रेल्वे कामगाराला काढणं गुन्हा ठरवणारा कायदा संसदेने केला होता. १९०८ मध्ये, अडेअर खटल्यात, तो रद्द झाला. न्यायालयाचा युक्तिवाद समानतेचा होता: कामगाराला नोकरी सोडायचा हक्क आहे, तसाच मालकाला काढायचा आहे. ही समानता मला कधीच पटलेली नाही. एक कामगार गेला तर रेल्वे कंपनी दुसरा नेमते. कंपनीने काढलं तर कामगाराचं घरभाडं थकतं.

पहिलं मोठं खिंडार १९३५ मध्ये पडलं. राष्ट्रीय कामगार संबंध कायद्याने युनियन केल्याबद्दल किंवा तसा प्रयत्न केल्याबद्दल काढायला बंदी घातली, आणि १९३७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा उचलून धरला. त्यातली एक तरतूद आजच्या ऑफिसातल्या माणसालाही लागू पडते, पण फार थोड्यांना ठाऊक असते. युनियन नसली तरी सहकाऱ्यांशी पगाराबद्दल आणि कामाच्या परिस्थितीबद्दल बोलण्याचा हक्क या कायद्याने दिलेला आहे. ‘पगार कोणाला सांगायचा नाही’ असा नियम करून त्यावरून माणूस काढणं बेकायदेशीर ठरू शकतं. सुपरवायझर आणि मॅनेजर मात्र या छत्राबाहेर आहेत.

त्यानंतर १९६४चा नागरी हक्क कायदा आला. वंश, रंग, धर्म, लिंग, मूळ देश यांवरून काढता येणार नाही. १९६७ मध्ये चाळिशीच्या पुढच्यांसाठी वयाचं संरक्षण आलं, १९७८ मध्ये गरोदरपणाचं, १९९० मध्ये अपंगत्वाचं. १९९३च्या कायद्याने आजारपण किंवा बाळंतपणासाठी १२ आठवड्यांची बिनपगारी रजा घेणाऱ्याची नोकरी राखून ठेवली. २०२०च्या बोस्टॉक निकालाने समलैंगिक आणि ट्रान्सजेंडर कर्मचाऱ्यांना ‘लिंग’ या शब्दाच्या कक्षेत घेतलं. कंपनी किती मोठी आहे हेही इथे पाहावं लागतं. १९६४चा कायदा १५ किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या कंपनीला लागू होतो, रजेचा कायदा साधारण ५० असतील तेव्हा. दहा जणांच्या स्टार्टअपमध्ये राज्याचा कायदा काय म्हणतो यावर भिस्त ठेवावी लागते.

हे सगळं संसदेने केलं. मला जास्त रस आहे तो न्यायाधीशांनी काय केलं यात, कारण तिथे एकेका माणसाची गोष्ट पुढे येते. कॅलिफोर्नियात एका युनियनच्या पगारी कर्मचाऱ्याला विधिमंडळाच्या समितीपुढे साक्षीसाठी बोलावलं. वरिष्ठाने सांगितलं, खोटं बोल. त्याने खरं सांगितलं आणि दुसऱ्याच दिवशी नोकरी गेली. इथे मालक होती ती कामगारांची संघटनाच. १९५९ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने म्हटलं की शपथेवर खोटं बोलायला नकार दिला म्हणून काढू दिलं, तर राज्याच्या सार्वजनिक धोरणालाच सुरुंग लागेल. मग ही वाट रुंदावत गेली. १९७३ मध्ये इंडियानात, कामावर झालेल्या इजेची भरपाई मागितली म्हणून काढलेल्या बाईला न्यायालयाने दावा करू दिला. १९७५ मध्ये ओरेगनात ज्युरीचं कर्तव्य बजावलं म्हणून काढलेली बाई जिंकली. १९८० मध्ये पेट्रोलच्या भावांची संगनमताने जुळवाजुळव करायला नकार देणाऱ्या माणसाला कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने दार उघडून दिलं.

मात्र ‘सार्वजनिक धोरण’ म्हणजे काय हे प्रत्येक राज्य आपापलं ठरवतं. पेनसिल्व्हेनियातल्या एका पोलाद कंपनीच्या विक्रेत्याने वरिष्ठांना बजावलं होतं की आपले नवे पाइप पुरेसे तपासलेले नाहीत, लोकांना धोका आहे. कंपनीने माल बाजारातून मागे घेतला आणि त्यालाही काढलं. १९७४ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याला काही दिलं नाही. न्यूयॉर्कच्या सर्वोच्च पातळीवरच्या न्यायालयाने १९८३ मध्ये हा अपवाद मानायलाच नकार दिला, तो बदल विधिमंडळाने करावा असं म्हणून. म्हणून ‘अमेरिकेत कायदा काय आहे’ हा प्रश्न विचारताना राज्याचं नाव घेतल्याशिवाय उत्तर मिळत नाही.

दुसरी वाट कराराची. मिशिगनमधल्या एका विमा संस्थेत नोकरी घेताना एकाने विचारलं की इथे नोकरी किती पक्की आहे. उत्तर मिळालं, काम नीट करत राहिलास तर राहशील. हातात पुस्तिका दिली, तिच्यात लिहिलं होतं की रास्त कारणाशिवाय काढणार नाही. १९८० मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की असं आश्वासन कंपनीला पाळावं लागेल. न्यू जर्सीने १९८५ मध्ये तसाच निकाल दिला. कंपन्यांनी त्यावर लगेच उपाय काढला: पुस्तिकेच्या पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत ‘हा करार नाही, नोकरी ॲट-विल आहे’ असं छापायला सुरुवात केली. न्यायालयांनी उघडलेली वाट एका परिच्छेदाने पुष्कळशी बुजली. आज ऑफर लेटरमध्ये दिसणाऱ्या त्या वाक्यामागे हाही इतिहास आहे.

तिसरी वाट सचोटीची, आणि ती सगळ्यांत अरुंद राहिली. मॅसॅच्युसेट्समध्ये २५ वर्षं काम केलेल्या विक्रेत्याने सुमारे ५० लाख डॉलरची ऑर्डर आणली आणि लगोलग त्याला काढल्याचं पत्र आलं. त्याचं कमिशन वाचवण्यासाठी हे केलं, असं ज्युरीला वाटलं. १९७७ मध्ये न्यायालयाने म्हटलं, कमावलेला पैसा बुडवण्यासाठी काढणं हा विश्वासघात आहे. हे तत्त्व मोजक्याच राज्यांनी स्वीकारलं.

सीज कँडीज या मिठाई कंपनीतला खटला मला नेहमी आठवतो. भांडी घासण्यापासून सुरुवात करून उपाध्यक्षपदापर्यंत पोहोचलेल्या माणसाला ३२ वर्षांनंतर काढलं. त्याने कारण विचारलं, तर उत्तर मिळालं की स्वतःच्या आत डोकावून पाहा. १९८१ मध्ये कॅलिफोर्नियाच्या अपील न्यायालयाने म्हटलं की इतकी वर्षं, बढत्या, कौतुक, यांतून न लिहिलेलं वचन तयार होऊ शकतं. याचा दावा ज्युरीपुढे जायला हवा. कायद्याच्या वर्गात गोष्ट बहुधा इथे थांबते. पुढे खटला ज्युरीपुढे गेला आणि तो हरला. त्याला कारण विचारायचा हक्क मिळाला. आपल्याला चुकीच्या कारणाने काढलं हे ज्युरीला पटवणं त्याला जमलं नाही.

सिद्ध करणं इतकं अवघड का? कारण कंपनी ‘तुझा वंश आवडत नाही’ असं लिहून देत नाही. १९७३ च्या मॅकडॉनेल डग्लस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पायऱ्या घालून दिल्या. आधी कामगाराने संशयाला जागा आहे इतपत दाखवायचं. मग कंपनीने एखादं कायदेशीर कारण पुढे करायचं. मग ते कारण निव्वळ बहाणा आहे हे पुन्हा कामगाराने दाखवायचं. दुसरी पायरी चढणं कंपनीला सोपं असतं, आणि त्यासाठीच तर कागद तयार केले जातात. पुण्या-हिंजवडीत ज्याला पीआयपी म्हणतात, ती कामगिरी सुधारण्याची लेखी योजना कधी मनापासून दिलेली संधी असते, कधी भावी खटल्यासाठी रचलेली फाइल. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. मग कामगाराच्या बाजूने उरतात त्या तारखा, तुलना आणि विसंगती. तक्रारीनंतर किती दिवसांत काढलं? तशीच चूक करणाऱ्या दुसऱ्याला काय शिक्षा झाली? एचआरने सांगितलेलं कारण आणि नंतर कोर्टात दिलेलं कारण एकच आहे का? समान रोजगार संधी आयोगाकडे गेली अनेक वर्षं सर्वांत जास्त तक्रारी सूडाच्या येतात, म्हणजे तक्रार केली म्हणून त्रास दिला किंवा काढलं, अशा. भेदभाव मनात राहतो, सूडाला निदान तारखा असतात.

सर्वोच्च न्यायालयाने हे ओझं कधी वाढवलं, कधी हलकं केलं. २००९ मध्ये वयाच्या आणि २०१३ मध्ये सूडाच्या खटल्यांत त्याने ठरवलं की ते कारण नसतं तर नोकरी गेलीच नसती, असं दाखवावं लागेल. ‘अनेक कारणांपैकी एक’ पुरणार नाही. एन्रॉन या ऊर्जा कंपनीच्या घोटाळ्यानंतर आलेल्या २००२च्या कायद्याखाली मात्र उलट. शेअर बाजारातल्या कंपनीतला आर्थिक गैरव्यवहार उघड करणाऱ्याला सूडाचा हेतू सिद्ध करायची गरज नाही, त्याची तक्रार हे एक कारण होतं एवढं दाखवलं तरी पुरे, असा निकाल २०२४ मध्ये एकमताने आला. दोन कायद्यांत हा एवढाच फरक असला तरी एक माणूस जिंकतो आणि दुसरा हरतो.

मग मुळातच कारण देणं बंधनकारक का करत नाहीत? काही ठिकाणी केलंय. मोंटाना हे असं एकमेव राज्य आहे. १९८७च्या कायद्याने तिथे परिविक्षेचा, म्हणजे प्रोबेशनचा, काळ संपल्यावर रास्त कारणाशिवाय काढता येत नाही. ज्युरी मोठमोठ्या रकमा देऊ लागल्या म्हणून मालकांनाही मर्यादा हवी होती, म्हणून सौदा झाला: कारण द्यावं लागेल, पण भरपाई जास्तीत जास्त चार वर्षांच्या पगाराइतकी. २०२१ मध्ये परिविक्षेचा काळ वाढवून मालकांना थोडी सवलत दिली गेली. पोर्टो रिको हे राज्य नाही, अमेरिकेच्या ताब्यातला प्रदेश आहे; तिथे १९७६च्या कायद्याने रास्त कारण नसेल तर भरपाई द्यावी लागते. न्यूयॉर्क शहरात जुलै २०२१ पासून मोठ्या फास्ट फूड साखळ्यांतल्या कामगाराला ३० दिवसांच्या परिविक्षेनंतर रास्त कारणाशिवाय काढता येत नाही, आणि पाच दिवसांत लेखी कारण द्यावं लागतं. बर्गर भाजणाऱ्या मुलाला हे संरक्षण आहे आणि त्याच रस्त्यावरच्या बँकेतल्या इंजिनिअरला नाही. मला हा उलटा न्याय वाटत नाही, ज्याला सगळ्यांत जास्त गरज होती त्याच्यापासून सुरुवात झाली. युनियनच्या करारात ‘रास्त कारण’ हे कलम पूर्वीपासून असतं, पण २०२४ मध्ये खासगी क्षेत्रातले युनियन सभासद जेमतेम ५.९ टक्के होते.

वारा एकाच दिशेने वाहतोय असंही समजू नये. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं की नोकरीच्या करारात लवादाचं कलम (तंटा कोर्टाऐवजी खासगी लवादापुढे न्यायचा, असं) घालून कंपनी कामगारांना एकत्र दावा करण्यापासून रोखू शकते. २०२२ मध्ये संसदेने लैंगिक छळाची प्रकरणं त्यातून वगळली, बाकीची तशीच आहेत. जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्षांनी धोरणाशी संबंधित केंद्रीय कर्मचाऱ्यांना काढणं सोपं करणारा आदेश पुन्हा काढला. त्याच वर्षी कामगार संबंध मंडळातल्या एका सदस्याला पदावरून हटवल्यामुळे मंडळाची गणसंख्या अपुरी पडली आणि वर्षातला बराच काळ त्याला निकाल देता आले नाहीत. १९३५चा कायदा पुस्तकात आहे, पण तो चालवणारं मंडळ बसू शकलं नाही तर तक्रारदाराने कुठे जायचं?

आपल्याकडची चौकट वेगळी आहे. भारतात कपातीसाठी कामगाराला नोटीस आणि प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार द्यावा लागतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही हे आहे, मात्र सरकारची आधी परवानगी घेण्याची अट आता १०० ऐवजी ३०० कामगारांच्या कारखान्यापासून लागते. १९८६ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने सरकारी कंपनीचं ‘तीन महिन्यांची नोटीस देऊन कधीही काढू’ हे कलम अन्याय्य म्हणून रद्द केलं होतं. पण मॅनेजर किंवा मोठ्या पगाराचा सुपरवायझर कायद्याच्या भाषेत ‘कामगार’ नसतो, त्याला हे कवच मिळत नाही.

अमेरिकेत एच-१बी व्हिसावर असलेल्या आपल्या माणसांसाठी या सगळ्याला घाईची जोड असते. नोकरी गेल्यावर २०१७ पासूनच्या नियमानुसार जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात, आणि देशात राहण्याची मुदत त्याआधी संपत असेल तर तेवढेच. तेवढ्यात नव्या मालकाने अर्ज दाखल करायचा, किंवा तुम्ही व्हिसाचा प्रकार बदलायचा अर्ज करायचा, नाहीतर निघायचं. मुदतीआधी काढलं असेल तर परतीच्या प्रवासाचा वाजवी खर्च मालकाने द्यायचा असतो. हा मागायचाच असतो. सामूहिक कपातीच्या नोटिशीचे ६० दिवस हे वेगळे. ते १९८८च्या कायद्याखाली, १०० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या कंपनीने द्यायचे असतात, आणि त्यांची व्हिसाच्या ६० दिवसांशी गल्लत करू नये. न्यू जर्सीत, जिथे आपली बरीच मंडळी राहतात, एप्रिल २०२३ पासून मोठ्या कपातीत ९० दिवसांची नोटीस आणि दर वर्षामागे एका आठवड्याचा पगार सक्तीचा आहे.

तक्रारीच्या मुदती व्हिसासाठी थांबत नाहीत. भेदभावाची तक्रार आयोगाकडे १८० दिवसांत, बऱ्याच राज्यांत ३०० दिवसांत करावी लागते. कामगार संबंध मंडळाकडे सहा महिने मिळतात. कामाच्या जागेच्या सुरक्षेबद्दल बोललात म्हणून काढलं असेल तर फक्त ३० दिवस. देश सोडल्यावरही तक्रार चालू ठेवता येते, हे अनेकांना माहीतच नसतं.

आणि त्या शुक्रवारच्या मीटिंगनंतर ईमेलने येणारा तो कागद. ‘काही आठवड्यांचा जादा पगार देतो, त्याबदल्यात सगळे दावे सोडून द्या’ असं त्यात असतं. त्यावर त्याच दिवशी सही करावी असा कुठलाही कायदा नाही. तुमचं वय ४० किंवा जास्त असेल, तर वयाच्या भेदभावाचा दावा सोडून देण्यासाठी १९९० च्या कायद्याने विचाराला २१ दिवस द्यावे लागतात, अनेकांना एकदम काढलं असेल तर ४५, आणि सही केल्यावरही सात दिवसांत ती मागे घेता येते. चाळिशीच्या आत असाल तर हे दिवस कायद्याने मिळत नाहीत, पण मागता येतात. तेवढ्या वेळात काढण्याचं कारण काय सांगितलं गेलं, कोणी आणि कोणत्या तारखेला, हे स्वतःच्या वहीत लिहून काढा आणि तो कागद त्या राज्यात वकिली करणाऱ्याला दाखवा.